पैसे अडकतात तेव्हा

(दृश्य : वांद्रे-कुर्ला संकुल, सकाळची वेळ. जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरच्या दारातली रांग, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं.)

ऑक्टोबर २०२५. मुंबईत ग्लोबल फिनटेक फेस्ट भरलाय. ७ ते ९ तारीख, तीन दिवस. पैशांच्या तंत्रज्ञानात काम करणारी देशोदेशीची माणसं इथे जमली आहेत. बँकांचे अधिकारी, स्टार्टअपवाले, गुंतवणूकदार, रिझर्व्ह बँकेची मंडळी. शेवटच्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर हे दोघंही इथे आले.

मी गेले होते ते ऐकायला. आणि खरं सांगते, ऊर भरून आला. ११ एप्रिल २०१६ ला याच मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयची घोषणा केली, तेव्हा चाचणीला २१ बँका होत्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. म्हणजे दिवसाला साधारण ६४ कोटी. हे आपल्याकडच्या अभियंत्यांनी, आपल्याकडच्या बँकांनी उभं केलंय.

(दृश्य : संकुलाबाहेरची वडापावची गाडी. क्यूआर कोड, शेजारी साउंडबॉक्स.)

त्याचा पुरावा बघायला आत जायचीही गरज नाही. बाहेर गाडीवर पंधरा-वीस रुपयांसाठी कुणी सुट्टे मागत नाही. तेलाने हात माखलेला माणूस मान वर न करता साउंडबॉक्सचा आवाज ऐकतो आणि पुढचा वडा पावात सरकवतो. ग्राहकाला यात एक पैसा जास्त पडत नाही, आणि २०२० च्या जानेवारीपासून दुकानदाराच्या माथीही यूपीआयचं शुल्क नाही. छोट्या माणसाला इतकं थेट काही क्वचितच मिळालंय.

आतल्या दालनांत पुढच्या काळाची चर्चा होती. पिनऐवजी बोट किंवा चेहरा दाखवून यूपीआय करायची सोय याच फेस्टमध्ये आली. चॅटजीपीटीशी बोलता बोलता खरेदी करायची आणि तिथेच यूपीआयने पैसे द्यायचे, अशी चाचणीही जाहीर झाली. ऑनलाइन पैसे स्वीकारायची सोय देणारी रेझरपे, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय यांनी मिळून.

मी ज्या सत्रांना बसले, तिथे पैसे किती झटकन पोचतात यावर तासन्‌तास बोलणं झालं. पैसे मध्येच अडकले तर पुढे काय, हा प्रश्न मात्र मला कुणाच्या तोंडून ऐकू आला नाही. आणि मला तोच प्रश्न छळत होता, कारण काही दिवसांपूर्वीच मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात होते.

(दृश्य : गावातलं ग्राहक सेवा केंद्र. लाकडी टेबल, लॅपटॉप, बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र. बाहेर ओट्यावर बसलेल्या बायका.)

हे ग्राहक सेवा केंद्र. चालवणाऱ्याला गावात सगळे बँक मित्र म्हणतात. बँकेची शाखा लांब असते, म्हणून २००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना असे प्रतिनिधी नेमायची मुभा दिली. इथे ना स्मार्टफोन लागतो, ना एटीएम कार्ड. आधार क्रमांक सांगायचा, बँकेचं नाव सांगायचं, अंगठा लावायचा. ठसा जुळला की खात्यातले पैसे कापले जातात, आणि बँक मित्र आपल्या गल्ल्यातून रोख देतो.

त्या दिवशी एक आजी आल्या होत्या. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायला. हयात ऊसतोडीत गेलेली. अंगठा लावला, जुळला नाही. पुसून लावला, नाही. "आजी, दुसरं बोट ठिवा." तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात.

"कोयत्यानंच खाल्ल्या की रं रेषा," आजी म्हणाल्या.

वयाने कातडी सुकते, कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्राला वाचायला काही उरत नाही. चेहऱ्यावरून आधारची पडताळणी करायची सोय आता आहे, काही बँकांनी ती सुरूही केली आहे. या टेबलापर्यंत ती आलेली नव्हती.

शेवटी एक बोट जुळलं. चक्र फिरत राहिलं, आणि पडद्यावर व्यवहार अयशस्वी असं आलं. तेवढ्यात आजींच्या नातवाच्या फोनवर बँकेचा मेसेज. खात्यातून दीड हजार कमी झाले होते.

बँक मित्राला ते मिळाले नव्हते, मग तो देणार कुठून? व्यवहार फसला की त्याचं कमिशनही जातं आणि गावाची बोलणीही त्यालाच खावी लागतात. तो हळू आवाजात म्हणाला, "येत्याल आजी परत. चार-आठ दिसात."

आजींनी विचारलं, "कोन देनार?"

(दृश्य : आजींचा चेहरा. हातात छापील पावती.)

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते सहा वर्षांपासून लिहिलेलं आहे. २० सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. आधारवर चालणाऱ्या अशा व्यवहारात पैसे कापले गेले पण केंद्रावर पक्की खबर आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते खात्यात परत आले पाहिजेत. एटीएममधून रोख आली नाही तरी मुदत तीच. यूपीआयने एखाद्याला पाठवलेले पैसे त्याच्या खात्यात पोचलेच नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. मुदत उलटली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ ही, की भरपाई बँकेने आपणहून जमा करायची आहे, ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता.

रोजचे १०० रुपये ही रक्कम मुंबईतल्या त्या दालनात कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण जिचे अडकलेत दीड हजार, तिच्यासाठी हिशोब करा. पंधरा दिवस उशीर झाला तर भरपाईच मुद्दलाएवढी होते. नियम करणाऱ्याने गरिबाचा विचार केला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या केंद्रात मात्र हा नियम ना आजींना ठाऊक होता, ना बँक मित्राला. पावतीवर त्याचा उल्लेख नव्हता, आणि पावती होती इंग्रजीत.

अंगठ्याचा दुसरा धोकाही आहे. कागदपत्रांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. म्हणून आधारच्या यंत्रणेने २०२३ मध्ये बोट जिवंत आहे की नकली, हे ओळखणारी तपासणी आणली. केंद्रचालकांची कसून पडताळणी करा, असे आदेश रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये दिले. हे काम चांगलं चाललंय, ते आणखी वेगाने व्हायला हवं.

(दृश्य : पुन्हा ग्राहक सेवा केंद्र. बँक मित्र एका वहीत तारीख आणि व्यवहार क्रमांक लिहून घेतोय.)

बघणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं झालं, तर पावती फेकू नका. तिच्यावरचा व्यवहार क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. मुदतीत पैसे आले नाहीत तर जिथे खातं आहे त्या बँकेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी क्रमांक १४४४८. आणि फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आणि फेस्टमध्ये भेटलेल्या तरुण अभियंत्यांना माझं एक मागणं आहे. वडापावच्या गाडीवरचा डबा पैसे आले की मराठीत बोलू शकतो. मग केंद्रातल्या यंत्रालाही बोलतं करा. "आजी, तुमचे दीड हजार कापले गेलेत, पण इथे पोचले नाहीत. या तारखेपर्यंत बँक परत देईल, नाही दिले तर रोजचे शंभर जास्त देईल." त्यात तारीख घाला, बँकेचं नाव घाला. पुढच्या वर्षी त्याच मंचावर हे यंत्र दाखवा, आणि ते वापरून दाखवायला बीडच्या, जालन्याच्या, नंदुरबारच्या बँक मित्रांना बोलवा.