ढेकणं झाली म्हणून लाजायचं कशाला

नमस्कार मंडळी. चहा घेत ऐकत असाल तर आधी तेवढा संपवा, कारण आज विषय जरा किळसवाणा हाय. ढेकूण. कानडीत तिगणे म्हणा नाहीतर मराठीत ढेकूण म्हणा, चावताना ते कुणाची भाषा विचारत नाही.

मी बेळगावच्या शहापूरात राहते, घरातच शिवणकाम करते. मागच्या वर्षी दिवाळीत थोरला हुबळीच्या हॉस्टेलवरनं आला, बॅग आणली ती सरळ दिवाणावर टाकली आणि चार दिवसांनी परत गेला. मग तीन-चार आठवड्यांनी धाकटी सकाळी उठली की हात खाजवायची. बघितलं तर लाल फोड, एका ओळीत तीन, मशीनवर टीप मारल्यासारखे. आम्ही म्हटलं डास असतील, गटार शेजारीच हाय, कॉइल लावली, लिक्विड लावलं, मग डॉक्टरकडं गेलो, त्यांनी अलर्जीची क्रीम दिली. खाज तेवढ्यापुरती थांबायची आणि परत दुसऱ्या दिवशी फोड. आणि मजा अशी की ह्यांना काहीच नाही, बाजूला झोपून एक फोड नाही. नंतर कळलं की चावतात सगळ्यांना, पण अंगावर उठतं काहींच्याच. म्हणून "मला कुठं काय होतंय, तुझं आपलं काहीतरीच" असं घरातलं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

शेवटी एक दिवस पहाटे तीनला उठले आणि मोबाइलची टॉर्च मारली. गादीच्या कडेला जी पायपिन, म्हणजे शिवणीवरची गोल पट्टी असते ना, ती सुईनं जरा उचलली. अहो, वीस वर्षं मी लोकांच्या शिवणी उसवते, पण माझ्याच गादीच्या शिवणीत असं काय असेल असं वाटलं नव्हतं. मसुराएवढे, तांबूस, कागदासारखे चपटे, एकाला एक चिकटून बसलेले. बाजूला खसखशीच्या दाण्यासारखी पांढरी अंडी, ती चिकटलेली असतात, झटकून पडत नाहीत. आणि कापडावर काळे ठिपके, बॉलपेन टेकवलं की शाई कशी पसरते तसे. ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा, आपलंच पचलेलं रक्त. तुमच्या घरात ढेकूण दिसला नाही पण हे ठिपके दिसले तरी समजा हाय म्हणून.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दाखवलं तर पहिलं वाक्य काय, "कुणाला सांगू नको." आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लागून. मी आठ दिवस गप्प बसले आणि मग शेजारच्या वहिनींना सांगितलंच, तर त्या म्हणाल्या आमच्यात पण हायत की, दोन महिने झाले! त्या पण गप्प आणि आम्ही पण गप्प, आणि भिंतीच्या भेगेतनं, बोर्डाच्या वायरीच्या पाइपातनं त्यांचं येणं-जाणं चालूच. दोन्ही घरांनी एकदम केलं म्हणूनच गेले, हे मी आजपण सांगते. आणि ढेकूण घाणीनं होतात हे डोक्यातनं काढा. त्याला कचरा नको, त्याला माणूस पाहिजे. झोपलेल्या माणसाचा श्वास आणि अंगाची ऊब ह्यावर तो येतो, पाच-दहा मिनिटं पितो आणि जाऊन लपतो. उडता येत नाही, उडी मारता येत नाही. त्याच्यामुळं कुठला रोग पसरतो असंही सिद्ध झालेलं नाही, फक्त झोपेचं खोबरं होतं.

आता पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे खोली बदलणं. आम्ही पण केली. पोरीला हॉलमधी झोपवलं, आणि पंधरा दिवसात हॉलमधी पण झाले. तो उपाशी कितीतरी महिने राहू शकतो, त्यामुळं खोली बंद करून त्याला उपाशी मारायचं हे विसरा. त्याच पलंगावर झोपायचं, फक्त त्याला वर येता येऊ नये अशी व्यवस्था करून झोपायचं. ह्यांना मी तेच सांगितलं, तुम्ही आमिष, तुम्हाला काही उठत नाही नाहीतरी!

व्यवस्था म्हणजे काय, तर दिवाण भिंतीपासून वीतभर लांब सरकवला, चादर खाली लोंबणार नाही अशी खोचली, आणि चारही पाय एकेका वाटीत, वाटीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. बाहेरच्या व्हिडिओत नुसती गुळगुळीत वाटी ठेवतात, पण आपल्या गरम हवेतला ढेकूण गुळगुळीतावर पण चढतो, त्यामुळं पाणीच बरं, आणि साबण घातला की तो तरंगत नाही, बुडतो. पाणी दर आठवड्याला बदलायचं, नाहीतर ढेकूण घालवता घालवता डेंग्यूचा डास पाळाल.

मग दिवाण उलटा केला. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं सगळा खोलला, आणि खरे मालक तिथं होते, गादीत नव्हते एवढे. स्क्रूच्या भोकात, प्लायवूडच्या कडेला, जोडावर. जुनं एटीएम कार्ड भेगेतनं फिरवायचं, बाहेर आले की सेलोटेपनं उचलायचे, तो टेप साबणाच्या पाण्यात. दोन तास लागले. एक-दोन चिरडले तर खोलीभर तो वास, आत्या म्हणाल्या कोथिंबीर सडल्यावर येतो तसा, त्या दिवसापासनं माझी कोथिंबीर कमी झाली.

मारायचं कशानं, तर गरम करून. पन्नास डिग्रीला ढेकूण आणि अंडी दोन्ही काही मिनिटांत मरतात, औषधानं मात्र अंडी सहसा मरत नाहीत. शेजारच्या वहिनींची लोखंडी कॉट होती, ती अंगणात काढून बंबातलं उकळतं पाणी पाइपात आणि जोडावर ओतलं, झालं काम. लाकडाला मात्र उकळतं पाणी नको, प्लायवूड फुगतं, तिथं कपड्याची वाफ काढायचं मशीन हळूहळू फिरवायचं, घाईत फिरवलं की वाफ वरवरच राहते. मी कापसाच्या गादीच्या शिवणीवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली. फोमच्या गादीवर हे करू नका, वितळते. चादरी, उशीचे अभ्रे, पडदे साठ डिग्रीच्या पाण्यात धुतले. पोरीच्या भिजवता येत नाहीत अशा दोन बाहुल्या पिशवीत घालून शेजारच्या किराणा दुकानाच्या डीप फ्रीजरमधी, उणे अठराला, चार दिवस. दुकानदार नात्यातला, म्हणून जमलं, आणि त्याला मी आत काय हाय ते सांगितलं नाही, माफ करा.

ऊन दाखवायचं तर एक सांगते. नुसती गादी गच्चीवर टाकून भागत नाही. आपल्या बेळगावचं ऊन एप्रिलमधी पण पस्तीस-छत्तीसचं, वरची बाजू तापली की ते खालच्या बाजूला सावलीत जातात आणि संध्याकाळी गादीबरोबर आत येतात. कपडे वगैरे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरून, तोंड बांधून, तापलेल्या स्लॅबवर दुपारभर ठेवले आणि मधी उलटले तर फायदा होतो. पावसाळ्यात, खानापूरकडं तर विचारूच नका, तिकडं इस्त्री आणि उकळतं पाणी हेच.

गादीला मी स्वतःच खोळ शिवली. वडगावच्या मागावरचं घट्ट विणीचं कापड घेतलं, तिन्ही बाजूंनी डबल टीप, चौथ्या बाजूला चेन, आणि चेनचं टोक जिथं संपतं तिथं टेप, कारण तेवढ्या फटीतनं पण बारकं पिल्लू निघतं. आत राहिले ते आतच. वर्षभर काढायची नाही. भिंतीच्या भेगा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवल्या, बोर्ड खोलताना मेन स्विच बंद केला.

आता औषधाचं. बाजारातला स्प्रे मी पण मारला होता. ढेकूण ह्या औषधांना सरावलेत, डीडीटीच्या वेळेपासनं हेच, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण निघाले होते. वरवर फवारलं की जे मरत नाहीत ते पळून दुसऱ्या खोलीत जातात. रॉकेल पायाखाली ठेवायची जुनी पद्धत पण नको, एक काडी पडली तर घर जाईल.

आणि हे जरा नीट ऐका, खासकरून गावाकडची मंडळी. शेतातलं औषध घरात फवारायचं नाही. डायक्लोरव्हॉस नावाचं कीटकनाशक तर आपल्याकडं २०२० च्या शेवटी बंदच झालंय, तरी कुणाच्या तरी माळ्यावर जुनी बाटली असतेच. आणि धान्याच्या कणगीत ठेवतात त्या गोळ्या, अल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या पलंगाखाली ठेवून झोपायचं कुणी सांगितलं तर त्या माणसाला घरात घेऊ नका. त्या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन गॅस निघतो, त्यावर उतारा नाही. ह्यानं झोपेत माणसं गेलीत, लहान पोरं गेलीत, शेजारच्या खोलीतली पण गेलीत.

गंमत म्हणून एक सांगते. युरोपात बाल्कन भागात पूर्वी रात्री घेवड्याचा पाला अंथरायचे, त्या पानावरच्या बारीक आकड्यांत ढेकणाचे पाय अडकतात, आणि सकाळी पाला जाळायचे. २०१३ मधी शास्त्रज्ञांनी ते आकडे सूक्ष्मदर्शकातनं बघून खरं म्हणून सांगितलं. आपल्याकडं घेवड्याला काय तोटा, पण मी करून बघितलेलं नाही, आत्या म्हणाल्या भाजी कर गप.

एकदा करून संपत नाही हे मात्र लिहून ठेवा. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर रविवारी परत दिवाण उलटा, परत कार्ड, परत वाफ, असं आठ आठवडे. आम्ही कॅलेंडरवर सापडले त्याचा आकडा लिहायचो. पहिल्या रविवारी मोजायचं सोडून दिलं, तिसऱ्याला अकरा, पाचव्याला दोन, मग शून्य, सातव्याला परत एक, तेव्हा मी रडलेच. त्यानंतर नाही.

आता थोरला आला की बॅग अंगणात. कपडे सरळ बादलीत, बॅगेची शिवण मी स्वतः टॉर्चनं बघते, तो म्हणतो आई तू विमानतळावरच्या पोलिसासारखी करतीस, म्हटलं करते. दिवाण अजून भिंतीला लावलेला नाही. आत्या रोज म्हणतात, मधीच ठेवलाय, पाहुणे आले तर काय म्हणतील. म्हणू देत. वाट्यांतलं पाणी उद्या बदलायचं हाय, रविवार हाय.