निळा, काळा, पांढरा : धुराड्याखाली लपवलेला ध्वज

(दृश्य : टार्टू शहर, विद्यापीठाची इमारत)

साल १८८१. एस्टोनिया नावाचा देश अजून नकाशावर नाही. सत्ता रशियाच्या झारची, जमीनजुमला जर्मन सरदारांचा. टार्टूच्या विद्यापीठात जर्मन विद्यार्थ्यांची मंडळं आपापल्या रंगांच्या टोप्या आणि फिती मिरवत हिंडायची. तिथं शिकायला आलेल्या मूठभर एस्टोनियन पोरांनी ठरवलं, आपलेही रंग हवेत. २९ सप्टेंबरला ते पक्के झाले : निळा, काळा, पांढरा.

म्हणजे एस्टोनियाचा आजचा हा राष्ट्रध्वज मुळात कॉलेजातल्या एका मंडळाचा झेंडा!

(दृश्य : ओटेपॅचं चर्च)

रेशमी कापडाचा पहिला ध्वज शिवला तो बायकांनी. त्यांतली एक मीना हेर्मान, पुढे मीना हॅर्मा या नावानं गाजलेली संगीतकार. ४ जून १८८४ ला टार्टूपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, ओटेपॅच्या पाद्र्यांच्या घरी, त्याला आशीर्वाद देण्यात आला. या प्रसंगाची शिल्पं १९३४ मध्ये चर्चच्या भिंतीवर बसवली. सोव्हिएत काळात ती फोडली गेली आणि १९८९ मध्ये पुन्हा बसली.

रंगांचे अर्थ सांगतात ते असे. निळा आभाळाचा, तळ्यांचा आणि समुद्राचा. पांढरा बर्फाचा, बर्च झाडाच्या सालीचा आणि उजेडाच्या आशेचा. असे अर्थ कुठल्याही झेंड्याला लावता येतात म्हणा. पण काळा? तो मातीचा, आणि परक्यांच्या जमिनीवर राबण्यात गेलेल्या पिढ्यांचाही. आपल्या हलाखीला झेंड्याच्या मधोमध जागा देणारे लोक थोडेच.

(दृश्य : टॅलिन, पिक हेर्मान बुरूज)

२४ फेब्रुवारी १९१८ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला राजधानी टॅलिनमधल्या किल्ल्याच्या पिक हेर्मान बुरुजावर हा ध्वज चढला. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि तिथं लाल निशाण लागलं. मग जर्मन आले. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन माघारी निघाले, तेव्हा निळा-काळा-पांढरा पुन्हा वर गेला. पण २२ तारखेला लाल सैन्य टॅलिनमध्ये शिरलं आणि तो खाली आला. पुढची चार दशकं हे तीन रंग एकत्र दिसणं म्हणजे गुन्हा.

आणि १८८४ चं ते रेशीम? ते १९४३ मध्येच एका शेतघरात, धुराड्याखाली दडवलं होतं. वर राज्यं बदलत राहिली, चूल पेटत राहिली. १९९१ मध्ये ते बाहेर काढलं. आता ते टार्टूच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

(दृश्य : १९८८ ची गर्दी, झेंडे)

एप्रिल १९८८. टार्टूत वारसा जपणाऱ्यांचा मेळावा. ध्वजाला बंदी, म्हणून लोकांनी तीन वेगळे झेंडे आणले : एक नुसता निळा, एक काळा, एक पांढरा. आता पकडणार कोणाला? त्या उन्हाळ्यात टॅलिनमध्ये गाण्यांचे महोत्सव भरतात त्या मैदानावर मात्र खरे ध्वज उघड फडकले. २४ फेब्रुवारी १९८९ ला बुरुजावर पुन्हा तोच. सोव्हिएत संघ तेव्हा शाबूत होता बरं का!

आजही पिक हेर्मानवर रोज सूर्योदयाला ध्वज चढतो, सूर्यास्ताला उतरतो. फक्त २३ जूनच्या रात्री, मध्यउन्हाळ्याच्या सणाला, तो उतरवत नाहीत. उन्हाळ्यात तिथं पहाटे चारच्या सुमारासच उजाडतं. त्यामुळे नियमातच सवलत आहे : सातच्या आधी ध्वज चढवायचा नाही.