आधी पिकअप ऐका, मग प्रीअँप निवडा

मंडळी, आज आल्याआल्या चौघांनी मला एकच प्रश्न विचारला: माझ्या बेस गिटारमध्ये कुठला प्रीअँप, म्हणजे आवाज घडवणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट, बसवू? उत्तर देण्याआधी एक विनंती करतो. बेसवर आत्ता जे नॉब आहेत, ते आधी नीट ऐका.

फेंडरचा जॅझ बेस १९६० साली आला. त्यावर दोन पिकअप असतात, म्हणजे तारांचं कंपन विजेत पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या. सुरुवातीला प्रत्येक पिकअपचे व्हॉल्यूम आणि टोन एकावर एक बसवलेले असत. पुढे दोन व्हॉल्यूम आणि एक टोन अशी मांडणी आली आणि तीच रूढ झाली. यात बॅटरी नाही, त्यामुळे हे नॉब कशातही भर घालू शकत नाहीत. टोनचा नॉब फक्त ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, कापतो.

मग खरा टोन कंट्रोल कुठला? ते दोन व्हॉल्यूम! ब्रिजकडचा, म्हणजे तारा खाली जिथे बांधलेल्या असतात त्या टोकाचा, पिकअप एकटा वाजवा. आवाज नाकातला, नेमका, खर्ज कमी. नेककडचा, म्हणजे गिटारच्या मानेजवळचा, गोल आणि भरदार. दोन्ही पूर्ण उघडले की एकच तार दोन जागांवरून ऐकली जाते, मधले काही सूर एकमेकांना खोडतात आणि आवाज मध्यात पोकळ होतो. स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवण्याला, तो शोभतो. एका पिकअपचे चुंबक आणि गुंडाळी दुसऱ्याच्या उलट असल्याने विजेची गुणगुणही तिथे मरते. आता एक व्हॉल्यूम किंचित मागे घ्या. मिड, म्हणजे मधल्या सुरांचा पट्टा, परत येतो, थोडी गुणगुणही परत येते. एवढ्याशा फिरवण्यात जे मिळतं, ते शोधायला लोक महागडी सर्किटं विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रीअँपची गरज नाही, असं मी म्हणत नाही. त्याचं पहिलं काम बफरचं, म्हणजे पिकअप आणि केबल यांच्यामध्ये उभं राहून आवाज जपण्याचं. साध्या केबलची कपॅसिटन्स (वरचे सूर गिळणारा तिचा गुण) मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. सहा मीटरची केबल लावली की पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायच्या, बेसची वरची धार बोथट होते. बफर ती वाचवतो. सगळे नॉब मध्यावर ठेवूनही आवाज उघडल्यासारखा वाटतो तो बहुतेक यामुळेच.

दुसरं काम भर घालण्याचं, आणि इथे नॉब किती आहेत यापेक्षा ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काम करतात हे विचारा. आपली जाड ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. ४० हर्ट्झवर सहा डेसिबल वाढवलं, तर तिथे अँपकडून चौपट ताकद मागितली जाते आणि छोटा स्पीकर ती नुसती धापा टाकत घालवतो. खोलीत एकट्याने वाजवताना हा खर्ज सुखावतो. पण आपल्या ऑर्केस्ट्रात ढोलकी, ढोलक आणि कीबोर्डचा डावा हात खालची जागा आधीच भरून टाकतात. तिथे बेस ऐकू येतो तो मिडमुळे. म्हणून दोन पिकअपच्या बेसला मी मिडचा नॉब असलेला प्रीअँप सुचवतो. अ‍ॅग्विलारच्या ओबीपी-३ मध्ये मिड ४०० किंवा ८०० हर्ट्झवर नेता येतो. बोटांनी वाजवणाऱ्याला ही सोय रोज उपयोगी पडते. सॅडोस्कीच्या प्रीअँपमध्ये खर्ज आणि ट्रेबल फक्त वाढवता येतात, कापता येत नाहीत. स्लॅप वाजवणाऱ्यांना तो भावतो. म्युझिक मॅनचा १९७६ चा स्टिंगरे मला फार आवडतो, पण त्याचं सर्किट एका मोठ्या पिकअपसाठी घडवलेलं होतं. ते जॅझ बेसमध्ये घालून तोच आवाज येईल, ही आशा धरू नका.

पॉटचं, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरचं, थोडक्यात सांगतो. पॅसिव्ह पिकअपच्या ब्लेंडला, म्हणजे दोन पिकअपचं मिश्रण करणाऱ्या नॉबला, २५० किंवा ५०० के (किलोओहम) चा पॉट हवा, प्रीअँपनंतरच्या व्हॉल्यूमला २५ के चा चालतो. यांची अदलाबदल झालेले बेस माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि मालक प्रीअँपला दोष देत असतो. ब्लेंड घेताना मध्यावर दोन्ही पिकअप पूर्ण मिळतात का, तेही बघा.

आता बॅटरी. नऊ व्होल्टची बॅटरी जॅकमध्ये केबल घातली की चालू होते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढा. एका लग्नाच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला माझा आवाज फाटू लागला आणि चौथ्याला बंद पडला. प्रीअँप वगळून जायला वाटच नव्हती. तेव्हापासून मी जोडलेल्या प्रत्येक बेसवर पॅसिव्हचा स्विच असतो, आणि त्या बाजूला साधा टोनचा नॉबही जिवंत ठेवतो.