उडी किती, हे विचारू नका

इथे बसलेल्यांपैकी किती जण ‘एलिट डेंजरस’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये हटन ऑर्बिटल स्थानकाला फुकटचं ॲनाकोंडा यान आणायला गेले होते? हसताय ते सगळे गेलेले दिसताय. बाकीच्यांनी आत्ताच हसू नका.

विषय या गेममधल्या लांब पल्ल्याच्या यानाचा आहे, येतो त्यावर. पण माझं डोकं हटनलाच फिरलं, म्हणून आधी ते. भाचा म्हणाला, “मामा, अल्फा सेंटॉरीला जा, हटनवर ॲनाकोंडा फुकट देतात.” चौदा कोटी सत्तर लाख क्रेडिट्सच्या (गेममधल्या पैशांच्या) घरातलं यान! तीन दिवस खपून मी ड्राइव्ह, म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारणारं इंजिन, सर्वोत्तम, म्हणजे ए दर्जाचा करून घेतला होता. एका उडीत पोचलो. बघतो तर स्थानक ताऱ्यापासून 0.22 प्रकाशवर्षं! उडी तुम्हाला मुख्य ताऱ्याशी सोडते, पुढे सुपरक्रूझने, म्हणजे उडी न मारता वेगाने उडत, आपलं आपण जायचं. तासाहून जास्त. चहा झाला. बायकोने गवार आणून ठेवली, तीही मोडून झाली. तिने विचारलं, “पोचलात का?” म्हटलं, “अजून अंतराळच आहे.” शेवटी वेळेत वेग कमी केला नाही आणि स्थानक मागे टाकून पुढे गेलो. मिळालं काय? हटनचा मग. तोही विकत.

(हो, 2024 मध्ये सुपरक्रूझचा वेग वाढवणारा ‘ओव्हरचार्ज’ आला. आता तेच अंतर चहा उकळेपर्यंत संपतं. माझी गवार कोण परत देणार?)

पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आलीये. बरं, मुद्दा पटपट.

सगळे विचारतात, “उडी किती?” आकाशगंगेचा मध्य, सॅजिटेरियस ए-स्टार, सूर्यापासून सुमारे 26,000 प्रकाशवर्षं. 30च्या उडीने साडेआठशेच्या वर उड्या, 60च्या उडीने त्याच्या निम्म्या. म्हणजे आकडा महत्त्वाचा, नाही म्हणत नाही. पण तो वाढवायला पहिला खर्च ड्राइव्हवर करा आणि दुसरा वजन उतरवण्यावर. बाकी भाग डी दर्जाचे घ्या, ते सगळ्यांत हलके. मग गेममधल्या फेलिसिटी फारसीर या इंजिनिअरकडून ड्राइव्ह सुधारून घ्या. उडी लांबवणारा गार्डियन बूस्टर सगळ्यात मोठा घेतलात तर वर 10.5 प्रकाशवर्षं मिळतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून गेलात तर पुढची उडी चौपट, पण ड्राइव्हची झीज होते. दुरुस्तीचं यंत्र सोबत हवं.

आणि माझं लाडकं मत: पैसे उरले तर उडीत नाही, फ्युएल स्कूपमध्ये, म्हणजे ताऱ्याजवळून इंधन भरून घेणाऱ्या यंत्रात घाला. लहान स्कूपवाला दर थांब्याला ताऱ्याभोवती टाकी भरत बसतो, मोठा स्कूपवाला तोवर तीन उड्या पुढे. भरण्याजोगे तारे मात्र ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांचे एवढेच.

टाकी संपलीच तर ‘फ्युएल रॅट्स’ना हाक मारा. खेळाडूच आहेत, कितीही लांब येऊन इंधन देतात. आणि हे खरोखर फुकट असतं, मी घेतलंय.