समोरचा बोलत असताना आपल्या आत काय चाललेले असते?

नमस्कार. आज आपण ऐकण्याविषयी बोलणार आहोत, आणि ऐकण्याविषयी बोलायचे तर भीतीचा विषय टाळून चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आपले उत्तर तयार असते. आपण त्याला उतावळेपणा म्हणतो, पण नीट पाहिले तर आपल्या एखाद्या मताला किंवा प्रतिमेला धक्का लागेल, ही धास्ती त्यामागे बहुतेक वेळा असते.

एकट्याने डोळे मिटून बसले की ही धास्ती सहसा जाणवत नाही, कारण तिथे तिला डिवचणारे कोणी नसते. म्हणून आधी सगळ्यांनी काही वेळ शांत बसायचे आणि मग संवाद करायचा, ही पद्धत मला मोलाची वाटते.

या संवादाची मांडणी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी केली. त्यांची आणि तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांची अनेक वर्षे चर्चा होत असे. १९८४ मध्ये इंग्लंडमधील मिकल्टन येथे चाळीसेक जण बोम यांच्यासोबत शनिवार-रविवार एकत्र राहिले. व्याख्याने आणि त्यांवर चर्चा, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मात्र हळूहळू आपापल्या मतांपेक्षा एकमेकांशी चाललेला संवादच अधिक महत्त्वाचा आहे, हे सगळ्यांना उमगत गेले. पुढे बोम यांनी सुचवले, की वीस ते चाळीस माणसांनी गोलात बसावे, विषय आधी ठरवू नये आणि कोणताही निर्णय घेण्याचे बंधन ठेवू नये. गट फार लहान असला, तर माणसे एकमेकांना सांभाळून घेतात आणि अवघड गोष्ट बाहेरच येत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. गोलातील एक जण म्हणतो, “आजकालचे आईवडील मुलांना वेळच देत नाहीत.” त्याच्या समोर बसलेल्या बाईंचा जबडा आवळला जातो, कान तापतात, “तुम्हाला काय माहीत?” हे शब्द ओठांवर येतात. इथे बोम सांगतात, की तो राग दाबू नका आणि बोलूनही टाकू नका. तो शरीरात कसा चालला आहे, ते पाहा. त्या बाई तसे थांबल्या, तर रागाखाली ‘मी आई म्हणून कमी पडते आहे’ ही भीती असल्याचे त्यांना दिसू शकते. बोलणाऱ्याचे म्हणणे त्यांना खऱ्या अर्थाने ऐकू येते, ते त्यानंतरच.

कृष्णमूर्ती म्हणत, की भीती विचारातून येते आणि विचार कालच्या आठवणीवरून उद्याची चिंता उभी करतो. ध्यानासाठी कोणतेही तंत्र किंवा मंत्र त्यांना मान्य नव्हता, त्यामुळे या बैठकीतील शांततेत श्वास मोजणे वगैरे काही नसते. आवाज, खोकला, मनातली धावपळ, जे असेल ते ऐकायचे. त्यांनी स्थापन केलेल्या आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली शाळेत सायंकाळी मुले सूर्यास्त पाहत शांत बसतात. त्या वेळेला तिथे ‘अस्ताचल’ म्हणतात.

सुरुवातीच्या काही बैठकी कंटाळवाण्या आणि चिडचिडीच्या होतात, याची मात्र तयारी ठेवा. ज्यांच्या भीतीमागे मोठा आघात आहे, त्यांनी आधी समुपदेशकाची मदत घ्यावी; गट हा उपचार नव्हे. आणि कोणी आपली भीती बोलून दाखवली, तर लगेच सल्ला देऊ नका. मिनिटभर कोणीच बोलू नये, मग ज्याला खरोखर काही विचारायचे असेल त्याने विचारावे.