हे तुम्हाला कोणी सांगितलं?

नमस्कार मंडळी. आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला 'युरोप आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. तयारीही झाली होती. परवा रात्री जेवताना ती वाया गेली. बातम्यांत युक्रेन, मोल्दोवाच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाचं चाललं होतं. मी म्हणालो, "आता पुरे. अजून किती जणांना घेणार?" धाकटीने ताटातून मान वर न करता विचारलं, "पुरे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तोंडात घास होता म्हणून निभावलं.

सांगणारे पुष्कळ असतात हो. ६ एप्रिल २०१६ ला आपल्या या नेदरलँड्समध्ये युक्रेनबरोबरच्या सहकार्य करारावर सार्वमत झालं. तो सदस्यत्वाचा करार नव्हताच. मतदान जेमतेम ३२ टक्के, त्यात ६१ टक्के 'नको'. त्यात एक मत माझं. करार वाचला होता? छे! सरकारवर चिडलो होतो. प्रश्न शेजाऱ्याचा, राग घरच्यांवर, असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे. उरलेलं मत आपला आवडता पक्ष आयतं पुरवतो.

पैशाची धास्ती असतेच. २००४ मध्ये दहा देश एकदम आत आले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सने 'पोलिश प्लंबर'चा, म्हणजे स्वस्तात राबून आपली कामं पळवणाऱ्या पोलंडच्या कामगाराचा, बागुलबुवा उभा केला. पण पंगतीत दोन धास्त्या असतात: बासुंदी पुरेल का, आणि शेजारी कोण बसणार. दुसरी जास्त चिवट. तुर्कस्तान १९९९ पासून उमेदवार आहे. त्याचा विषय निघाला की बोलणं बासुंदीवरून केव्हाच घसरतं. उलट युक्रेनवर हल्ला झाला आणि चार महिन्यांत, जून २०२२ मध्ये, त्याला उमेदवारी मिळाली. तोवर मीसुद्धा त्यांना 'आपली माणसं' म्हणू लागलो होतो. नकाशा तोच होता.

आता रागावू नका. मागच्या सभेत आपण काय केलं? नव्याने आलेल्या आयटीवाल्यांना पूर्ण सभासदत्व पाच वर्षांनी द्यावं, कारण म्हणे हॉल लहान पडतो. खुर्च्या मोजल्या कोणी? ठरावाला पहिला हात माझाच होता, आणि मी आलो त्या वर्षी मला पहिल्याच दिवाळीत नाटकात घेतलं होतं. झाडाचं काम होतं, पण घेतलं होतं.

धाकटीला उत्तर अजून दिलेलं नाही. पुढच्या वर्षी ती अठराची होईल, मतदान करेल. तिलाही कोणीतरी सांगेलच. मी, की तिच्या हातातला फोन, हे काही कळत नाही.