बर्फाचं शेततळं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा घसरला की पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. मणी तडकतील ही आपली धास्ती. आज मी ज्या गावांबद्दल बोलणार आहे, त्यांची धास्ती उलटी आहे. यंदा थंडी पडलीच नाही तर?

ही स्कीइंगची गावं. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, त्यासाठी पर्यटक तिथे आठवडा-आठवडा राहतात. हॉटेलवाला, पट्ट्या भाड्याने देणारा, शिकवणारा, सगळ्यांची वर्षाची कमाई तीन-चार महिन्यांत व्हायची. आपल्या द्राक्षासारखाच वर्षाचा एकच हंगाम.

आपलं गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि तिथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, अफरवट डोंगरावर चार हजार मीटरच्या आसपास नेतो. तरीही 2024 च्या जानेवारीत तिथले उतार कोरडे होते. 2025 च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. मग युरोपात आल्प्समध्ये हजार-दीड हजार मीटरवर वसलेल्या गावांनी काय करायचं?

ती गावं शेततळी खोदतात. खरंच सांगतो! चांदवड-दिंडोरीकडे आपण अस्तर घालून पाणी साठवतो, तशीच तळी तिथे डोंगरावर आहेत. ते पाणी यंत्रातून बारीक तुषार करून गोठणाऱ्या हवेत उडवायचं, म्हणजे खाली पडेपर्यंत त्याचं बर्फ होतं. एका हेक्टरवर फूटभर थर द्यायला साधारण 10 लाख लिटर पाणी लागतं. वीज वेगळी. आणि हवाच उबदार असली तर यंत्र नुसतं उभं राहतं. शिवाय पाणी उपसायचं ते हिवाळ्यात, ओढे आटलेले असताना. फ्रान्समधल्या ला क्लुसाझ गावात 2022 साली अशाच एका तळ्याविरुद्ध आंदोलन झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि काम थांबलं. वरच्यांनी अडवलेल्या पाण्याचा वाद काय असतो, हे गंगापूर आणि जायकवाडी धरणांच्या मधे राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

एवढा खर्च पेलायचा तर गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाइकासाठी शेजारच्या खोऱ्याशी चढाओढ. स्वित्झर्लंडमध्ये 2015 साली तिथलं चलन फ्रँक एकदम महागलं, परदेशी पाहुणे घटले. तेव्हा सास-फे या गावाने पुढच्याच वर्षी अख्ख्या हंगामाचा स्कीइंगचा पास 222 फ्रँकला काढला. अट एकच, पुरेशा लोकांनी आधी नोंदणी करायची. लोकांनी ती केली. पण भाव पाडून मिळवलेलं गिऱ्हाईक भाव चढला की निघून जातं, हे आपल्या बाजार समितीत रोज दिसतं. म्हणून मला हा मार्ग फार टिकणारा वाटत नाही.

मला भावला तो इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांमधला मार्ग. तिथल्या खोऱ्यांनी 1974 साली ठरवलं, तिकीट सगळ्यांचं मिळून एकच काढायचं. आज त्या एका पासावर 12 भाग आणि 1,200 किलोमीटरचे उतार खुले आहेत. पाहुणा कुठल्या रोपवेवर किती वेळा चढला, याची फाटकावर नोंद होते आणि त्या हिशेबाने पैसे वाटले जातात. एका खोऱ्यात बर्फ पातळ असलं तर पाहुणा शेजारच्या खोऱ्यात जातो, परगावी जात नाही.

आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत मुंबईहून गाड्या येतात. कुणी गंगापूर धरणाजवळ वाइनरीत उतरतो, कुणी त्र्यंबकला दर्शन घेऊन संध्याकाळी परततो, कुणी थेट वणीच्या गडावर. एकाचा पाहुणा दुसऱ्याला भेटतच नाही. वाइनरी, द्राक्षबाग, पांडवलेणी, अंजनेरी, गडावर रुळांवरून नेणारी फनिक्युलर ट्रॉली यांचं मिळून दोन दिवसांचं एक तिकीट आणि त्यांना जोडणारी एक बस, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. मी हे बोलून दाखवलं की सगळे एकच शंका काढतात, वाटणीवरून भांडणं होतील. होतील. म्हणूनच फाटकावरची नोंद पहिल्या दिवसापासून हवी आणि वही सगळ्यांना उघडी हवी. यंदाची छाटणी उरकली की बागायतदार, हॉटेलवाले आणि गडावरची मंडळी एकदा एकत्र बसू या.

नमस्कार.